मदत हवी आहे : जुन्या बैलगाडीची लाकडी चाकं वाचवता येतील का?

माणदेशी_सून

नमस्कार मंडळी. हा धागा शेतीत टाकावा की छंदात, ते कळेना. चुकीच्या जागी पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

सासर माण तालुक्यात. आमच्या घरची बैलगाडी ट्रॅक्टर आला तेव्हाच कुणाला तरी दिली होती, तिचा पत्ता लागणं शक्य नाही. पण चुलत सासऱ्यांच्या मळ्यात चिंचेखाली, पत्र्याच्या आडोशाला एक अख्खी गाडी पडून आहे, हे गेल्या दिवाळीत कळलं. वर कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या, म्हणून इतकी वर्षं कुणाच्या नजरेत आली नाही. १९७२ च्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर याच गाडीनं दगड वाहिले, असं सासरे सांगतात. भावकीनं "न्या की, पैसे कसले" म्हणून दिली. (बांधाच्या वादात इतका मोठेपणा दिसला असता तर काय पाहिजे होतं!)

परिस्थिती अशी. साटा (माल ठेवायचा वरचा सांगाडा) बऱ्यापैकी शाबूत आहे, दोन फळ्या गेल्यात. आस लोखंडी आहे, गंजलाय पण सरळ आहे. उजवं चाक दिसायला उत्तम, फक्त धाव (चाकावरची लोखंडी पट्टी) इतकी सैल की हातानं फिरवली तर पुठ्ठ्यांवरून (चाकाच्या घेराचे लाकडी तुकडे) सरकते. डाव्या चाकाचं दुखणं मोठं. त्याचा खालचा भाग मातीत रुतलेला होता. तिथल्या दोन पुठ्ठ्यांना वाळवी लागलीय, बोटानं दाबलं की भाकरीच्या पापुद्र्यासारखा वरचा थर आत जातो आणि मागे नुसती माती. एक आरा मोडलाय. दोन दांड्यांपैकी एक चिरलीय. जू नाहीच.

आता सल्ल्यांचा सुकाळ झालाय. तालुक्याच्या गावचे सुतार म्हणाले, चाकं जाळून टाका, नवी करू. लोहार म्हणाले, धाव कापून जोड मारून देतो, पुढची पन्नास वर्षं बघायला नको. पुतण्या म्हणतो, खाली टायरचा आस टाका. पुण्यात जुनं फर्निचर करणाऱ्या एकांना फोटो दाखवले, तर त्यांना सगळं घासून चकचकीत पॉलिश मारायचंय आणि वर काच टाकून टेबल करायचंय.

मला टेबल नको आहे. ही गाडी बेंदराला निदान वेशीपर्यंत तरी बैलांनी ओढावी एवढीच सासऱ्यांची इच्छा आहे, आणि माझीही. तर डावं चाक दुरुस्त होण्यासारखं आहे का? आणि धाव आवळण्याचं काम नेमकं कसं करतात, म्हणजे लोहारासमोर उभं राहून मला काय बघता येईल?

तिफण

ताई, आधी एक करा. गाडी अजून मळ्यातच असेल तर तिला तिच्या चाकांवर ओढत आणू नका. सैल धाव दहा पावलांत निसटते आणि मग पुठ्ठे एकेक करून सुटतात. दोन्ही चाकं उतरवा, धाव तारेनं आऱ्यांना चार ठिकाणी बांधा, आणि सगळं ट्रॉलीत आडवं घालून आणा. आसाची खीळ निघत नसेल तर डिझेल टाकून रात्रभर ठेवा, घणानं ठोकू नका.

चाक घरी आलं की स्क्रूड्रायव्हर घेऊन बसा. प्रत्येक पुठ्ठा, प्रत्येक आऱ्याचं टोक आणि तुंबा (चाकाचा मधला ठोकळा) टोचून बघा. हातोडीनं वाजवून पण बघा, निरोगी बाभूळ टणटण वाजते, पोखरलेली बद्द. सगळ्यात महत्त्वाचा तुंबा. तो उभा चिरला असेल किंवा आरे बसतात ती भोकं झिजून मोठी झाली असतील तर तुमच्या सुताराचं खरं, नवं चाक करा. तुंबा चांगला असेल तर बाकी सगळं बदलता येतं. पुठ्ठे आणि आरे बदलणं ही पूर्वी दर काही वर्षांनी करायची नेहमीची गोष्ट होती, त्यात जुनेपणा बिघडत नाही.

आरे किती आणि चाकाचा व्यास किती, तेही कळवा.

रानमेवा

आमच्याकडे हायवेवरच्या ढाब्यांनी जुनी चाकं वेचून नेली. एक जण भिंतीला टांगतो, दुसरा त्याचं झुंबर करतो. तुम्हाला जादाचं चाक लागलं तर ढाबेवाल्याकडे बघा, पण तो आता अँटिकचा भाव सांगेल. त्यापेक्षा पुसेगाव किंवा खरसुंडीच्या यात्रेत जनावरांच्या बाजारात चौकशी करा. खिलार घेऊन येणाऱ्या जुन्या माणसांना कुणाच्या गोठ्यात काय पडलंय ते पाठ असतं.

माणदेशी_सून

@तिफण, धन्यवाद. चाकं उतरवून ट्रॉलीतून आणली. व्यास ५४ इंच, आरे बारा, पुठ्ठे सहा. दोन्ही तुंबे टणटणीत आहेत! डाव्या तुंब्यावरची एक लोखंडी कडी सैल आहे, आणि आतली आवण (आस जातो ती लोखंडी नळी) एका बाजूनं जास्त झिजलीय. वाळवीचे दोन सोडून उरलेले चार पुठ्ठे चांगले वाटतात.

उजव्या चाकाबद्दल शेजारच्या आजोबांनी सांगितलं, हौदात आठवडाभर बुडवून ठेव, आपोआप आवळतं. करू का?

भाता

करू नका. आमच्या घरी तीन पिढ्या लोहारकाम होतं, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

पाण्यात बुडवलं की लाकूड फुगतं आणि धाव घट्ट वाटते, हे खरं. बाजाराच्या आदल्या दिवशी करायची ती युक्ती. पण लोखंडाच्या आत फुगलेल्या लाकडाला जायला जागा नसते, त्याचे तंतू चेंगरतात. वाळलं की चाक पहिल्यापेक्षा जास्त आकसतं. दोन-तीन वेळा असं केलेलं चाक पुढे कशानंच आवळत नाही.

आता बारा आरे आणि सहा पुठ्ठे का, ते समजून घ्या, म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. प्रत्येक पुठ्ठ्यात दोन आरे बसतात. दोन पुठ्ठ्यांच्या सांध्यात सुतार मुद्दाम बारीक फट ठेवतो. तापलेली धाव गार होताना आकसते, सगळे पुठ्ठे आतल्या बाजूला दाबते, त्या फटी मिटतात आणि प्रत्येक आरा तुंब्यात घुसून बसतो. अख्खं चाक या दाबावर उभं असतं. सांध्यात आधीच फट नसेल तर पुठ्ठे एकमेकांनाच टेकतात आणि दाब आऱ्यांपर्यंत पोचतच नाही. वरून धाव घट्ट, आतून आरे खुळखुळे. म्हणून तुमच्या लोहाराकडे जाण्याआधी सुताराकडे जा. नवे दोन पुठ्ठे आणि एक आरा बसल्यावर, धाव नसताना, सगळ्या सांध्यांत फट दिसते का बघा. एखाद्या सांध्यात नसेल तर करवतीचा एक हात मारून घ्या.

मग धाव. ५४ इंची चाकाचा घेर साधारण १७० इंच. लोखंड पाचशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापवलं तर एवढ्या घेरात सुमारे एक इंच वाढतं. म्हणजे थंड धाव चाकापेक्षा फार तर अर्धा ते पाऊण इंच कमी ठेवायची. सव्वा-दीड इंच कमी केली तर ती चढायची नाही, किंवा घणानं बळजबरीनं चढवली तर गार होताना आरे वाकवेल. लोहार "अंदाजानं करतो" म्हणाले तर नम्रपणे थांबवा. आमचे आजोबा हातात धरायची एक लोखंडी चकती ठेवायचे. ती खडूची खूण करून आधी चाकाच्या बाहेरून आणि मग धावेच्या आतून फिरवायची, किती फेरे आणि वर किती उरलं ते बघायचं. दोरीनं मोजू नका, दोरी ताणते.

कापून जोडताना दोन्ही टोकांना तिरपा कड काढून दोन्ही बाजूंनी वेल्डिंग करायला सांगा, आणि आतली बाजू ग्राइंडरनं सपाट. आत गाठ राहिली तर ती पुठ्ठ्यात रुतते.

तापवायला गॅसची नळी नको. एका जागी लाल, दुसरीकडे काळं असं होतं. जमिनीवर दगडांवर धाव आडवी ठेवायची, आतून-बाहेरून गोवऱ्या रचायच्या आणि सगळीकडून एकदम पेटवायच्या. बाभळीची ढलपी धावेला टेकवली की लगेच ठिणगी धरली पाहिजे, मग ती तयार. चाक शेजारी आडवं, तुंब्याचं टोक खड्ड्यात, म्हणजे पुठ्ठे जमिनीला सपाट टेकतात. तीन माणसं तीन पकडी घेऊन धाव उचलतात, बसवतात, घणानं सारखी करतात आणि लगेच पाणी. हे सगळं मिनिटाभरात. लाकूड धुरानं भरतं, आणि पाणी पडलं की सांधे कडकड मिटतात तो आवाज येतो. तो आवाज आला नाही तर माप चुकलंय.

पाण्याचे हंडे आधीच भरून ठेवा. नळाच्या भरवशावर राहू नका.

गोडीबाभूळ

भाता यांनी सगळं सांगितलंय, मी फक्त लाकडावर बोलतो.

पुठ्ठ्यांना गावठी बाभूळच. वखारीत बाभूळ म्हणून वेडी बाभूळ गळ्यात मारतात. तिचा जळणाला उपयोग, चाकाला नाही. झाडाचं खोड बघून घ्या. पुठ्ठा वक्र असतो, म्हणून थोडं वाकडं खोड असेल तर उत्तम, त्या वाकाच्या रेषेत कापला की तंतू तुटत नाहीत. सरळ फळीतून गोल कापलेला पुठ्ठा कडेला चिरतो. आणि ओलं लाकूड लावू नका. पूर्वी बाभळीचे ओंडके विहिरीत किंवा डोहात बुडवून ठेवत आणि मग सावलीत वाळवत, त्यानं पोखरणारा किडा कमी लागतो. तेवढा वेळ नसेल तर कुणाच्या तरी मोडक्या गाडीचे जुने पुठ्ठे मिळवा, ते वाळलेलेच असतात. फक्त व्यास जुळला पाहिजे.

वाळवीसाठी उरलेल्या लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं गरम पाण्यातलं द्रावण दोनदा मारा, पूर्ण वाळू द्या. त्यानंतर जवसाचं तेल. पॉलिश, पीयू वगैरे काही नको, त्या थराखाली ओल अडकते. तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि चिंध्यांचा गठ्ठा आपोआप पेटतो. दोरीवर पसरून वाळवा.

सर्वसाक्षी_नाही

एवढा खटाटोप कशासाठी, कळत नाही. डांबरी रस्त्यावर लोखंडी धाव घसरते, आवाज करते, बैलांना त्रास. टायरची गाडी ओढायला हलकी, हे सिद्ध झालेलं आहे. पुतण्या बरोबर बोलतोय.

तिफण

@सर्वसाक्षी_नाही, रोज ऊस वाहायचा असता तर मीही टायरच सांगितलं असतं. वर्षातून एकदा वेशीपर्यंत मातीच्या रस्त्यानं जायचंय. शिवाय टायरचा आस टाकला की साट्याची उंची बदलते, दांड्यांचा कोन बदलतो, आणि गाडी उलाळ (मागे जड) होते. मग मागे दोन माणसं बसली की दांड्या वर आणि जू बैलांच्या गळ्यात. मूळ गाडीचा तोल ज्या सुतारानं साधला तो मोडायचा नसेल तर आस हलवू नका. फळ्या बदलताना जुन्यांच्याच जाडीच्या घ्या, जाड लावल्या की तोल पुढे किंवा मागे जातो.

ताई, आवण एका बाजूनं झिजली म्हणालात. तुंब्यातून न काढता अर्धा फेरा फिरवून बसवता येते का, ते भाता सांगतील.

भाता

फिरवायची तर काढावीच लागेल, आणि काढताना तुंबा चिरण्याचा धोका. वर्षाला अर्धा किलोमीटर चालणार असेल तर झीज राहू द्या. वंगण भरपूर घाला. सैल कडी मात्र चाक आवळायच्या आधी बसवून घ्या, नाहीतर आरे आत घुसताना तुंबा फाकेल.

माणदेशी_सून

सगळ्यांचे आभार. एवढं नेमकं कुणी समोर बसूनही सांगितलं नव्हतं. सुतारांना फटीचं विचारलं, तर ते हसले आणि म्हणाले, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?" आता ते चाक जाळायचं म्हणत नाहीत. पुठ्ठ्यांसाठी सासऱ्यांनी दहिवडीकडच्या पाहुण्यांकडे एक मोडकी गाडी शोधलीय, व्यास मोजायला उद्या जाताहेत.

शेवटचा प्रश्न जुवाचा. एका घरात गोठ्याच्या आढ्याला जुनं जू तुळई म्हणून लावलंय, ते द्यायला तयार आहेत. ते घ्यावं का?

तिफण

नका घेऊ. जू बैलांच्या मापाचं लागतं. शिवळांच्या (मानेच्या दोन्ही बाजूंच्या खुंट्या) भोकांमधलं अंतर जोडीच्या मानेला बसलं नाही तर खांदा सुजतो, आणि तुळई झालेलं लाकूड मधून वाकलेलं असणार. कुठली जोडी जुंपणार ते आधी ठरवा, त्यांच्या मानेचं माप घ्या आणि हलक्या लाकडाचं नवं करून घ्या. जोडी नुसती शर्यतीला पळणारी असेल तर सांगा, मग वेगळं बोलावं लागेल.