अनुभव धागा : संधिप्रकाशातील छायाचित्रण

जुने अल्बम चाळताना सूर्यास्तानंतर टिपलेले तळ्याचे एक छायाचित्र हाती लागले आणि हा धागा काढावासा वाटला. सूर्य बुडाला की बहुतेक मंडळी कॅमेरा आवरून निघतात. माझ्या मते खरे काम तेव्हाच सुरू होते. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंत जो नागरी संधिप्रकाश असतो, तो साऱ्या आकाशातून झिरपत येत असल्यामुळे कडक सावल्या उरत नाहीत, आणि त्या छायाचित्रात काठावरच्या लव्हाळ्याचे पातेन् पाते सुटे दिसते. आपलेही अनुभव लिहावेत.

— पश्चिमेकडे पाठ करून पाहावे, एवढेच सांगेन. आकाश स्वच्छ असेल तर पूर्वेला क्षितिजालगत करड्या-निळ्या रंगाची पृथ्वीची सावली वर चढताना दिसते आणि तिच्यावर गुलाबी पट्टा असतो. मला तो मावळतीपेक्षाही प्रिय आहे.

— मुलीचे छायाचित्र याच वेळी काढते. तिला मावळतीकडे तोंड करून उभे केले की ती डोळे बारीक करत नाही आणि बुबुळांत आकाशाचा उजळ पट्टा उमटतो.

— व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातील रंगछटा जुळवण्याची सोय) ऑटोवर ठेवू नये. कॅमेरा या वेळची निळाई दोष समजून पुसून टाकू पाहतो. मी तो ५५०० केल्विनच्या (प्रकाशाच्या रंगछटेचे एकक) आसपास ठेवतो. सूर्य खाली गेल्यावर त्याचे किरण वातावरणातून फार लांबचा तिरपा प्रवास करतात, तेव्हा ओझोन त्यांतील नारिंगी-तांबडा भाग शोषून घेतो आणि माथ्यावरचे आकाश गडद निळे दिसते. ही निळाई खरीच असते, मग ती का घालवायची?

— रिळाच्या काळात एका सेकंदाहून लांब एक्सपोजरला (फिल्मवर प्रकाश पडू देण्याच्या वेळेला) फिल्मची प्रकाश टिपण्याची क्षमता मंदावत असे, म्हणून प्रकाश मोजणारा मीटर सांगेल त्याहून जास्त वेळ शटर उघडे ठेवावे लागे. आताच्या मुलांना ही कसरत नाही, याचा आनंद वाटतो.

— ट्रायपॉड नसेल तर काय करावे?

— कठड्यावर पिशवी ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवावा आणि २ सेकंदांचा टायमर लावावा, म्हणजे बोटाचा धक्का बसत नाही. उजेड झपाट्याने उतरतो, त्यामुळे एक्सपोजर पुन्हा पुन्हा तपासावे.

— विषुववृत्ताजवळ तर फारच घाई होते. ६५ अंश अक्षांशावर मात्र ऐन उन्हाळ्यात हा प्रकाश मध्यरात्रीही मावळत नाही.

— मग तिथली मंडळी झोपतात कधी?