विषय: समुद्रभिंतीची दुरुस्ती आणि परवाना

सर्वांस सप्रेम नमस्कार,
वडिलांच्या शस्त्रक्रियेमुळे मी होळीपर्यंत लातूरलाच आहे आणि कॅलिफोर्नियातील पॅसिफिका शहरातल्या घरामागील समुद्रभिंतीचा उत्तरेकडचा भाग लाटांनी खचल्याचे भाडेकरूने कळवले आहे. कंत्राटदार संपूर्ण नव्या भिंतीसाठी अर्ज करा म्हणतो. वहिनींनी गणपतीत सुचवलेले अभियंते अजून अशी कामे घेतात का?
– लातूरहून

घेतात, परंतु कंत्राटदाराचे कृपया ऐकू नका. कॅलिफोर्निया किनारा आयोगाच्या नियमांनुसार भिंतीचा ५० टक्के किंवा अधिक भाग बदलला, तर ती दुरुस्ती न राहता नवे बांधकाम ठरते. आपले घर १९८४चे आहे आणि कॅलिफोर्नियातीलच हाफ मून बे या गावच्या खटल्यात अपील न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये असे ठरवले की, किनारा कायद्याने दिलेला भिंतीचा हक्क १ जानेवारी १९७७ पूर्वीच्या बांधकामांनाच आहे. नवी भिंत मागितल्यास नकार मिळण्याची शक्यता मोठी आहे. दुरुस्तीलाही परवाना लागेलच, कारण यंत्रे वाळूत उतरवावी लागतील. असे प्रश्न आधी बांधकाम उपसमितीकडे पाठवावेत, असे बैठकीत ठरले होते, याचेही स्मरण असावे.
– उपसमितीतर्फे

उपसमितीचा मान राखून लिहितो. आमच्या नांदेडला गोदावरीकाठची भावाची संरक्षक भिंत निळ्या पूररेषेत येते म्हणून अडली होती आणि कागद फिरेपर्यंत पुढचा पावसाळा येऊन काठ आणखी ढासळला. म्हणून आधी दगड टाकून घ्यावेत, अर्ज मागाहून करावा.
– नांदेडहून

काका, क्षमा असावी, पण हा सल्ला घातक आहे. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते आणि ती नकाशावर आखलेली असते. भरतीरेषा मात्र वाळूबरोबर सरकते. तिच्या खालच्या भागाचा परवाना शहर देऊ शकत नाही, तो आयोगाकडूनच घ्यावा लागतो. खरोखर धोका असेल तर तातडीचा परवाना मिळतो, मात्र तो तात्पुरता असून त्यामागोमाग नियमित अर्ज करावाच लागतो. विनापरवाना टाकलेले दगड स्वखर्चाने काढावे लागू शकतात.
– उपसमितीतर्फे

दोघांचाही आभारी आहे. खचलेल्या भागाचे मोजमाप अभियंत्यांकडूनच करून घेतो आणि कंत्राटदाराचा अर्ज थांबवतो. भिंतीच्या मूळ परवान्याची प्रत घरातील कपाटात आहे. किल्ली वहिनींकडे असल्यास त्यांनी कृपया ती प्रत काढून पाठवावी.
– लातूरहून