स्टेलॅरियममध्ये कृत्तिका ९० ऐवजी ९२ अंशांवर का?

खाडीकाठचा_मास्तर:
नमस्कार मंडळी. दापोलीजवळच्या शाळेत भूगोल शिकवतो. भारतीय ज्योतिषशास्त्राचे अभ्यासक शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचं मुरूड आमच्याच तालुक्यात, पण पोरांना मुरूड म्हटलं की समुद्रकिनारा तेवढा आठवतो. म्हणून ठरवलं, दीक्षितांचं निदान एक काम तरी पडद्यावर दाखवायचं. कृत्तिका हा तारकापुंज पूर्व दिशेपासून ढळत नाही असं शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात आहे. तारे उगवायची जागा शतकानुशतकं सरकत जाते, त्यावरून त्यांनी तो काळ इ.स.पू. ३००० च्या सुमाराचा काढला. आज आमच्याकडे कृत्तिका उगवतात दिगंश (उत्तरेपासून पूर्वेकडे मोजलेला कोन, बरोब्बर पूर्व म्हणजे ९०) ६५ च्या आसपास, म्हणजे पूर्वेपासून चांगल्याच उत्तरेकडे.

स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ठिकाण दापोली केलं, वर्ष उणे ३००० टाकलं. कृत्तिका झाडांच्या वर आल्या की क्लिक करतो, तर दिगंश ९२ च्या पुढे! दोन अंशांत पौर्णिमेचे चार चंद्र शेजारी शेजारी बसतात. नववीची पोरं मला सोडतील होय?

दुर्बीणवाली:
सर, ती झाडं कोकणातली नाहीत, फ्रान्समधल्या एका गावची आहेत. ठिकाण बदललं तरी क्षितिजावरचा जमिनीचा देखावा तोच राहतो. गोम तिथेच आहे.

आपल्या अक्षांशावर पूर्वेला उगवलेला तारा सरळ वर जात नाही, दक्षिणेकडे कलत चढतो. दापोलीत दर अंश उंचीमागे दिगंश जवळजवळ एक तृतीयांश अंशाने वाढतो. झाडांवर येईपर्यंत कृत्तिका सहा अंश चढल्या असतील, तर तुमचे दोन अंश तिथेच सापडले. 'जी' दाबून जमीन काढा, 'ए' दाबून वातावरण काढा (दिवसाउजेडाची कटकटही जाते) आणि उंची शून्य असताना वाचा.

आणखी एक. सॉफ्टवेअरच्या मोजणीत शून्य वर्ष असतं, त्यामुळे उणे ३००० म्हणजे इ.स.पू. ३००१. इथे त्याने काही बिघडत नाही, पण वर्गात एखादं चौकस कार्टं असतंच.

खाडीकाठचा_मास्तर:
ताई, जमलं! ९० ला अगदी चिकटून. म्हणजे इतके दिवस मी फ्रान्सच्या झाडांवरून कोकणातलं आकाश मोजत होतो. आता पोरांना छातीठोक सांगतो, शतपथ इ.स.पू. ३००० चं.

जुना_पंचांगवाला:
मास्तर, छाती जरा जपून ठोका. दीक्षितांबद्दल मलाही आदर आहे, पण आकडा ९० आला एवढ्याने ग्रंथाचा काळ सिद्ध होत नाही. कृत्तिकांची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर, त्या काळी साधारण १८० वर्षांत एक अंश सरकत होती. यंत्राशिवाय बघणाऱ्याचा दोन अंशांचा फरक पडला, तर झाली ना ३६० वर्षं इकडे किंवा तिकडे. शिवाय लिहिणाऱ्याने स्वतः पाहून लिहिलं की पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेलं नोंदवलं, हे स्टेलॅरियम कुठून सांगणार? या वाक्याच्या अर्थावर अभ्यासकांत वाद आहेतच.

त्यापेक्षा पोरांना कामाला लावा. उणे २५०० टाका, दिगंश ८७ च्या आसपास येईल. उणे २००० ला ८४. कुठल्या वर्षी 'आता काही ही पूर्व नव्हे' असं वाटतं, ते त्यांनाच आकडा झाकून ठरवू द्या. भांडतील, पण संपातचलन, म्हणजे पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू फिरल्याने ताऱ्यांच्या जागा सरकणं, डोक्यात बसेल. आणि उणे २८०० ला उत्तरेकडे वळवा. आपला ध्रुव जागेवर नसतो, ठुबान नावाचा तारा तिथे बसलेला असतो. पोरं तिथेच जास्त ओरडतील, लिहून ठेवा.

खाडीकाठचा_मास्तर:
काका, पटलं. आकडा झाकायची युक्ती उचलली. शेवटचा प्रश्न: शाळेत इंटरनेट नाही. चालेल का?

दुर्बीणवाली:
बिनधास्त. घरून उतरवून न्या, कृत्तिकांना इंटरनेट लागत नाही. फक्त देखावा समुद्राचा निवडून ठेवा, नाहीतर पुन्हा ती झाडं यायची.