मदत हवी आहे: गिअरबॉक्समध्ये क्राउनचंच तेल पडलंय, आता काय करू?

एकगाडीवाला (कळंबोली)

मंडळी, नमस्कार. सहाचाकी ट्रक, पाच गिअरचा, सेकंडहँड घेतलेला. स्टील मार्केटमधून माल भरायचा, तळोजा-महापे रोजचं, आठवड्यातून एकदा पुणे. गाडीचं पुस्तक जुन्या मालकाने दिलं नाही, मीही मागितलं नाही. बावळटपणा माझाच.

गेल्या महिन्यात गिअरबॉक्स आणि क्राउन (मागच्या चाकांना फिरवणारे गिअर), दोन्हीकडची तेलं बदलली. क्राउनसाठी आणलेलं ८५डब्ल्यू-१४० (ही जाडी), जीएल-५ (हा तेलातल्या औषधांचा दर्जा), मिस्त्रीने गिअरबॉक्समध्येही ओतलं. म्हणाला, "जाड तेल बरं, आवाज मरतो." आवाज खरंच मेला. पण आता सकाळी गाडी काढली की पहिले चार-पाच किलोमीटर दुसरा आणि तिसरा पडायलाच तयार नाही, हात दुखतो. पुढे मोकळा होतो. मात्र बोरघाट चढताना तिसऱ्यावरून दुसरा मारला की कर्रर्र. हे आधी नव्हतं.

तुर्भ्याचा दुकानदार म्हणतो नव्वद नंबर टाका. ड्रायव्हर म्हणतो चाळीस नंबरचं इंजिन ऑइल टाका, नव्वदच्या निम्मं जाड, हलका चालेल. मेहुणा म्हणतो एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल. कोणाचं ऐकू?

खोपटचा_फिटर (ठाणे)

मेहुण्याचं तर अजिबात नाही. काही छोट्या गाड्यांच्या मॅन्युअल गिअरबॉक्सला कंपनीच एटीएफ सांगते, म्हणून ते ट्रकला चालतं असं नाही.

तुमच्याकडे दोन वेगळी दुखणी आहेत. सकाळचा जडपणा १४० नंबरचा. थंड तेल दाट असतं, त्यात गिअरचे वेग पटकन जुळत नाहीत, म्हणून दांडा अडतो. गरम झालं की सुटतो.

घाटातला कर्रर्र मात्र तेल गरम असतानाचा, म्हणजे जाडीवर ढकलता येणार नाही. तिथे जीएल-५ वर संशय. क्राउन-पिनियनचे दात एकमेकांवर घासत सरकतात, म्हणून तिथल्या तेलात गंधक-फॉस्फरसची औषधं भरपूर, जीएल-४ च्या साधारण दुप्पट. गिअरबॉक्समध्ये सिंक्रोची (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या भागाची) रिंग बहुतेक पितळेची. तिने गिअरच्या निमुळत्या कोनाला घासून धरलं तरच दोघांचा वेग जुळतो. तेल फार निसरडं झालं की पकड सुटते आणि दात दातावर आपटतात. शिवाय काही जीएल-५ तेलांतलं गंधक तापल्यावर पितळ खातं.

एक करा. तेल काढाल तेव्हा थोडं पांढऱ्या बशीत घ्या, उन्हात धरा आणि खालून चुंबक फिरवा. काळी भुकटी चुंबकामागे पळाली तर ती पोलादाची, थोडी असतेच. सोनेरी चमक जागची हलली नाही तर ते पितळ.

घाटवाला

उगाच घाबरवू नका हो. माझ्या गाडीत किती वर्षं जीएल-५ आहे, काही झालं नाही.

खोपटचा_फिटर (ठाणे)

तुमच्या कंपनीने तेच सांगितलं असेल तर ठीकच आहे. आता पितळेला न दुखवणारी जीएल-५ तेलंही मिळतात. पण यांच्या गाडीने कुरकुर करून सांगितलंय ना!

कळंबोलीकर, चासी नंबर घेऊन तुमच्या कंपनीच्या स्पेअर काउंटरवर जा आणि ग्रेड लिहूनच घ्या. अंदाजाने विचाराल तर ८०डब्ल्यू-९० जीएल-४ म्हणेन, पण कागद मिळाला की माझं विसरा. नुसता "नव्वद नंबर" मागू नका. नव्वद ही जाडी झाली, जीएल-४ का ५ ते डब्याच्या मागे बघा. आणि नव्वद म्हणजे चाळीसच्या दुप्पट जाड, हा ड्रायव्हरचा हिशोब चूक. गिअर तेलाची मोजपट्टीच निराळी, गरम झाल्यावर नव्वद नंबर साधारण चाळीस-पन्नासच्या इंजिन ऑइलइतकंच असतं.

गाडी फिरवून आणा, तेल कोमट असतानाच काढा. आणि आधी वरचं भरायचं बूच उघडतंय का ते बघा. खालून रिकामं केलं आणि वरचं गंजून बसलेलं असलं की गाडी जागेवरच!

उभ्या गाडीत क्लच पूर्ण दाबून रिव्हर्स टाकला तर खरखरतो का? खरखरत असेल तर क्लच नीट सुटत नाहीये. मग कुठलंही तेल ओतून उपयोग नाही.

एकगाडीवाला (कळंबोली)

काका, रिव्हर्स गुपचूप पडतो. काउंटरवर ८०डब्ल्यू-९० जीएल-४ च लिहून दिलं. वरचं बूच उघडायला पाऊण तास आणि एक पाना गेला. भोकातून ओघळेपर्यंत भरलं.

बशीत सोनेरी चमक होती, फार नाही, उदबत्तीच्या राखेएवढी. चुंबकाला दाद दिली नाही.

आठ दिवस झाले. सकाळचा त्रास गेला, तिसरा बोटाने पडतो. घाटात कर्रर्र कमी झाला, गेला नाही. ड्रायव्हरला दुसरा मारताना डबल क्लच (मध्ये न्यूट्रल करून क्लच दोनदा दाबणं) करायला सांगितलंय, तेव्हा येत नाही. म्हणजे रिंग गेलीच ना? बॉक्स उतरवायचाच असेल तर फक्त दुसऱ्याची रिंग बदलू की तिसऱ्याचीही? दोन-तीन दिवस गाडी उभी राहील, त्याची तयारी ठेवतो.

काढलेलं तेल ड्रायव्हरने डब्यात भरून ठेवलंय, फाळक्याच्या बिजागऱ्यांना लावतो म्हणे.