फरशी घासण्याचे यंत्र मावशींचेच का ऐकते?

प्रश्न : पर्यवेक्षक, बुटीबोरी

नमस्कार. बुटीबोरी औद्योगिक वसाहतीतील एका खाद्यपदार्थांच्या कारखान्यात गेल्या दिवाळीपासून माझ्याकडे स्वच्छता विभागाचे काम आहे. या विभागातील दोन यंत्रांच्या वागण्याने मला विचारात पाडले आहे, म्हणून येथे लिहीत आहे.

पहिले यंत्र म्हणजे खाली एकच गोल पॅड आणि वर लांब दांडा असलेले, फरशी घासण्याचे साधे यंत्र. मागच्या महिन्यात कामावर लागलेला एक धडधाकट मुलगा दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरून उभा होता, तरी यंत्र सुरू होताच त्याला फरफटत खांबापर्यंत घेऊन गेले. त्याच यंत्रावर आमच्याकडील पन्नाशी उलटलेल्या एक मावशी जवळजवळ एका हाताने काम करतात आणि ते त्यांच्यापुढे पोळ्याच्या बैलासारखे शांतपणे डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरत राहते. मी त्यांना युक्ती विचारली, तेव्हा त्या म्हणाल्या, "साहेब, त्याले ओढाचं नाही. दांडा उचलला का उजवीकडं जाते, दाबला का डावीकडं येते." मी स्वतः करून पाहिले आणि अगदी तसेच घडले. पण वर-खाली केलेल्या हालचालीने यंत्र आडवे का सरकावे, हे मला उमगलेले नाही.

दुसरे यंत्र म्हणजे सांडलेले पीठ आणि बेसन ओढून घेणारा मोठा व्हॅक्यूम. आमच्या कामगारांनी त्याचे नाव 'मारबत' ठेवले आहे (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात इडापिडा गावाबाहेर नेण्यासाठी ज्या पुतळ्याची मिरवणूक काढतात, ती मारबत) आणि बटण दाबताना कोणी ना कोणी "घेऊन जा गे मारबत" अशी आरोळी दिल्याशिवाय राहत नाही. या मारबतीच्या नळीला मे महिन्यात हात लागला की बारीक झटका बसतो, पावसाळ्यात मात्र बसत नाही. याचे कारण काय असावे? आणि आपापल्या कामाच्या ठिकाणच्या सफाईच्या यंत्रांच्या अशा काही खोडी असतील, तर त्याही वाचायला आवडतील.

उत्तर 1 : निवृत्त प्रशिक्षक, हिंगणा

आपल्या मावशींनी एका वाक्यात जे सांगितले, ते नवीन मुलांना शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

बहुतेक यंत्रांत पॅड वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, मिनिटाला साधारण 150 ते 175 फेरे या गतीने फिरतो. म्हणजे चालवणाऱ्याच्या दृष्टीने पॅडची पुढची कड डावीकडे धावत असते आणि त्याच्या पायांकडची कड उजवीकडे. दांडा मधल्या उंचीवर असेल, तेव्हा दोन्ही कडांवर सारखा भार पडतो, फरशीचे घर्षण दोन्ही बाजूंनी सारखेच ढकलते आणि यंत्र जागच्या जागी राहते. दांडा उचलला की यंत्र किंचित पुढे कलते आणि भार पुढच्या कडेवर जातो. ती कड फरशीला डावीकडे रेटते, म्हणून फरशी यंत्राला उजवीकडे रेटते. दांडा दाबला की भार मागच्या कडेवर येतो आणि सगळे उलट घडते. बैलगाडीचे चाक जमिनीला मागे ढकलते म्हणून गाडी पुढे जाते असे नव्हे, ती बैलांमुळे जाते. पण मोटारीच्या चाकाचे उदाहरण येथे अगदी चपखल बसते, कारण ते चाक जमिनीला मागे रेटते आणि जमीन गाडीला पुढे नेते.

आता तो मुलगा खांबापर्यंत का गेला, ते पाहू. यंत्र सरकू लागताच घाबरलेला माणूस दांडा आवळून वर किंवा खाली खेचतो, त्यामुळे एका कडेवरचा भार आणखी वाढतो आणि यंत्र दुप्पट जोराने त्याच दिशेला जाते. जितकी ताकद अधिक, तितकी फरफट अधिक. मावशींची ताकद कमी पडत असल्यामुळे नव्हे, तर त्यांचे मनगट सैल असल्यामुळे यंत्र त्यांचे ऐकते, आणि हे कौशल्य आहे, असे मी आवर्जून सांगेन. नव्या मुलाला आधी दांडा त्याच्या कमरेच्या उंचीला लावून द्यावा, कारण दुसऱ्याच्या उंचीचा दांडा घेऊन कोणालाही यंत्र आवरत नाही. फरशी ओली करून घ्यावी, म्हणजे घर्षण कमी होते. मग फरशीवर खडूने एक फुली काढून यंत्र तिच्यावरून हलू न देता फिरवत ठेवायला सांगावे. फुली पुसली जाईपर्यंत जो जागेवर राहिला, त्याला पुढचे शिकवावे लागत नाही.

उत्तर 2 : विद्युत देखभाल, नागपूर

झटक्याचे कारण आपल्या उन्हाळ्यात आहे. पिठाचे कोरडे कण नळीच्या प्लास्टिकला घासत वेगाने जातात, तेव्हा नळीवर स्थिर विद्युतभार साठतो. पावसाळ्यात हवेतील दमटपणामुळे पृष्ठभागावर ओलाव्याचा पातळ थर असतो आणि त्यातून तो भार हळूहळू निसटून जातो. नागपूरच्या मे महिन्यातील दुपारी हवा इतकी कोरडी असते की भार निसटत नाही, आपल्या हाताची वाट पाहत थांबतो.

मात्र ही खोड कौतुकाने पाहण्यासारखी नाही. हवेत उडालेले बारीक पीठ ठिणगीने पेट घेऊ शकते. आपल्या मारबतीला विद्युतभार वाहून नेणारी नळी आहे का, तिची अर्थिंग शेवटच्या तोंडापर्यंत सलग आहे का आणि ते यंत्र ज्वालाग्राही धुळीसाठीच बनवलेले आहे का, हे आधी तपासून घ्यावे. कॉम्प्रेसरच्या हवेने पीठ झटकण्याची सवय कोठे असेल, तर ती आजच बंद करावी.

नावावरून आठवले. 1901 मध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनी लंडनमध्ये इंजिनावर चालणारा जो व्हॅक्यूम केला, तो घोडागाडीवरून आणावा लागे. गाडी रस्त्यावर उभी राही आणि लांब नळ्या खिडक्यांतून घरात सोडल्या जात. लोकांनी त्याला 'पफिंग बिली', म्हणजे धापा टाकणारा बिली, हे नाव दिले होते. सातव्या एडवर्डच्या 1902 मधील राज्याभिषेकापूर्वी वेस्टमिन्स्टर ॲबीतील गालिचे याच यंत्राने साफ केले होते. आपल्या कामगारांनी दिलेले नाव मला त्याहून अधिक नेमके वाटते, कारण मारबतीने सगळी घाण गावाबाहेर न्यावी, हीच तर अपेक्षा असते.

उत्तर 3 : निर्जंतुकीकरण विभाग, एक रुग्णालय

आमच्याकडे शस्त्रक्रियेची अवजारे धुण्यासाठी अल्ट्रासॉनिक टाकी आहे. सेकंदाला सुमारे 40,000 कंपने, म्हणजे माणसाच्या कानाच्या आवाक्याबाहेरची. तरीही टाकीतून भजी तळल्यासारखा आवाज येतो. तो यंत्राचा स्वर नव्हे. पाण्यात क्षणोक्षणी तयार होऊन फुटणाऱ्या असंख्य सूक्ष्म बुडबुड्यांचा तो आवाज असतो आणि अवजारांच्या खाचांतील घाण हे बुडबुडेच उखडून काढतात.

टाकी नीट काम करते की नाही, हे पाहण्याची रीत मला फार आवडते. पोळ्या गुंडाळण्याच्या ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा पाण्यात उभा धरायचा. थोड्याच वेळात त्यावर बारीक खळगे आणि छिद्रे पडतात आणि जेथे फॉइल कोरी राहते, तेथे टाकीचा जोर पोहोचत नाही, असे समजायचे. नळाचे ताजे पाणी भरल्यावर मात्र लगेच अवजारे ठेवू नयेत. त्या पाण्यात विरघळलेली हवा बुडबुड्यांचा जोर खाऊन टाकते, म्हणून टाकी आधी काही मिनिटे रिकामीच चालवावी लागते. नवीन मुलींना मी सांगते, "पाण्याला आधी श्वास सोडू दे."

उत्तर 4 : रसायनशास्त्राची शिक्षिका, काटोल

यंत्रांबद्दल इतरांनी लिहिलेच आहे. मी यंत्रांतून काय फेकतात, त्याबद्दल थोडे लिहिते, कारण त्यातील बरेचसे आपल्या स्वयंपाकघरातले आहे. अक्रोडाच्या टरफलांचा चुरा हवेच्या दाबाने मारून इंजिनाच्या व्हॉल्व्हवरील काजळी काढतात. टरफल काजळीपेक्षा कठीण आणि धातूपेक्षा मऊ असल्यामुळे धातूला ओरखडा पडत नाही. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याची 1986 च्या शताब्दीसाठी दुरुस्ती झाली, तेव्हा आतील तांब्यावरचा डांबराचा थर खाण्याचा सोडा मारून काढला होता.

आणि आपला संत्रा. त्याच्या सालीतील तेलात 90 टक्क्यांहून अधिक लिमोनीन असते आणि ते कारखान्यांत ग्रीस काढण्यासाठी वापरतात. वर्गात मी संत्र्याची साल फुगलेल्या फुग्यावर पिळते आणि फुगा फुटतो, कारण लिमोनीन रबराला विरघळवते. थर्माकोलवर थेंब टाकला, तर तेथे खड्डा पडतो. प्रश्नकर्त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की शुद्ध लिमोनीनची वाफ सुमारे 48 अंशांना पेट घेण्याजोगी होते आणि आपल्याकडील मे महिन्यात पत्र्याच्या शेडमधील तापमान त्याच्या फार दूर नसते. यंत्राच्या रबरी पट्ट्यांनाही ते जपूनच लावावे.

प्रश्नकर्ता : पर्यवेक्षक, बुटीबोरी

सर्वांचे मनापासून आभार. मारबतीची नळी तपासली. अर्थिंगची तार तोंडाजवळ तुटलेली निघाली. ती जोडून झाली आहे, यंत्राच्या योग्यतेबद्दल पुरवठादाराला लेखी विचारले आहे आणि उत्तर येईपर्यंत पीठ ब्रश आणि सुपलीने हळू उचलण्यास सांगितले आहे. प्रशिक्षक काकांचे उत्तर मी मावशींना वाचून दाखवले. पुढची कड आणि मागची कड हा भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला, मग यंत्र आडवे पाडून पॅड हाताने फिरवून पाहिला आणि "बराबर हाये" म्हणाल्या. कालपासून त्या मुलाला त्याच शिकवत आहेत. खडूची फुली अजून पुसली गेलेली नाही, पण खांब आता सुरक्षित आहे.