लढाई चालू असताना महापालिकेला जाब विचारावा का?

धंतोलीकर: मे 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूर सुरू होतं, आणि आमच्या नागपूरच्या ग्रुपवर एक जण तुंबलेल्या गडरलाइनचे (सांडपाण्याच्या गटाराचे) फोटो टाकून राहिला होता! तिकडे सीमेवर गोळीबार, इकडे याचं गडर. अशा वेळी गावच्या कारभाराच्या पाठीशी उभं राहावं, तक्रारी मागून. पटते का?

मानेवाडा रिंगरोड: नाही पटत भाऊ. उभं राहायचं कोणाच्या पाठीशी? महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्येच संपली होती. 151 पैकी एकही नगरसेवक नाही, सगळा कारभार प्रशासकाकडे. निवडणूक झाली थेट जानेवारी 2026 मध्ये. मग तो बिचारा फोटो ग्रुपवर नाही टाकणार तर कुठं टाकणार?

धंतोलीकर: प्रशासक असला म्हणून नळ बंद झाले होते का? यंत्रणा तीच, माणसं तीच. युद्धात हुकूम ऐकायचा असतो.

इतवारीची सून: हुकूम ऐकतात, पण ओळखीच्या माणसाचा. माझे सासरे 1971 च्या युद्धात दादरच्या चाळीत राहायचे. रात्री उजेड बाहेर दिसू नये म्हणून काचांना काळे कागद, तेही घरच्या खळीनं चिकटवलेले. झुरळं ती खळ खायची आणि कोपरे सुटायचे. फट दिसली की खालून नागरी संरक्षणाचा वॉर्डन ओरडायचा, तेही खोली नंबर घेऊन! तो त्याच चाळीतला, रोज नळावर भेटणारा. त्याच्याशी भांडणही व्हायचं, आणि दिवाही विझायचा.

जुना कारकून: थोडी दुरुस्ती. 1968 च्या नागरी संरक्षण कायद्यात नियंत्रक हा जिल्हाधिकाऱ्याच्या दर्जाखालचा चालत नाही. म्हणजे वॉर्डन, दिवेबंदी यांची सूत्रं महापालिकेकडे नसतातच. तिच्याकडे अग्निशमन, पाणी, दवाखाने आणि हो, गडर. बाकी राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय आपल्याच नागपुरात सुरू झालं, अन् आपल्या गल्लीचा वॉर्डन कोण हे मलाही सांगता येणार नाही.

मानेवाडा रिंगरोड: घ्या! सप्टेंबर 2023 मध्ये अंबाझरी तलाव ओसंडला, रातोरात नाग नदीकाठच्या घरांत पाणी शिरलं, लष्कर बोलवावं लागलं. तेव्हा कोणती लढाई होती? तुंबलेलं शांततेत काढलं नाही तर युद्धात कोण काढणार?

धंतोलीकर: बरं, गडरचं मान्य. पण फोटो कशाला? रीतसर अर्ज द्यावा माणसानं.

मानेवाडा रिंगरोड: दिला होता ना. तो फोटोवाला मीच. पोचपावती पाठवू का?