स्वयंरचित जैवपदार्थ आणि औषधवहन: रसायनशास्त्रज्ञाचे काम नेमके कुठे असते?

प्रश्न (रेणुवेध):
पीएच.डी.साठी विषय शोधत असताना सॅम्युएल स्टुप यांच्या संशोधनाकडे माझे लक्ष गेले. २००१ मध्ये त्यांच्या गटाने पेप्टाइड अँफिफाइल (मेदाची शेपटी जोडलेली अमिनो आम्लांची छोटी साखळी) या रेणूंच्या नॅनोतंतूंवर हाडातील खनिजाचे स्फटिक तंतूच्या दिशेने वाढवून दाखवले आणि २०२१ मध्ये त्याच कुळातील रेणूंमुळे मज्जारज्जूला गंभीर इजा झालेले उंदीर पुन्हा चालू लागल्याचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. रेणूची मूळ बांधणी जर तीच आहे, तर मधल्या वीस वर्षांत रसायनशास्त्रज्ञाने नवे काय केले? आणि हीच तत्त्वे औषधवहनासाठी, म्हणजे औषध शरीरात हव्या जागी पोहोचवण्यासाठी, वापरताना अडते कुठे?

प्रतिसाद (पारा):
बांधणी तीच आहे, हे बरोबर. एका टोकाला पाण्यापासून दूर पळणारी मेदाम्लाची शेपटी, मध्ये हायड्रोजन बंधांनी शेजाऱ्याला धरून ठेवणारी काही अमिनो आम्ले आणि दुसऱ्या टोकाला पेशीला ओळखू येईल असा संकेत, असा हा रेणू असतो. शेपट्या आत वळतात, संकेत बाहेर राहतात आणि तंतू तयार होतो. सुरुवातीचा सगळा भर या आकारावर होता. २००४ मध्ये लॅमिनिन या प्रथिनातील पाच अमिनो आम्लांचा संकेत तंतूंवर बसवून चेतापेशींची पूर्वज पेशी चेतापेशीत रूपांतरित होण्याचा वेग वाढवण्यात आला, तरी मुद्दा संकेताचाच होता.

२०२१ च्या कामात मात्र संकेत कायम ठेवून मधला, वरकरणी निष्क्रिय वाटणारा भाग बदलण्यात आला. ज्या तंतूंतील रेणूंची हालचाल अधिक होती, त्यांचा परिणाम चांगला दिसला. ‘नाचणारे रेणू’ हे वर्तमानपत्री नाव मला फारसे आवडत नाही, पण तंतूची सुबकता म्हणजेच गुणवत्ता हा समज त्याने मोडला, हे मान्य करायला हवे. प्रयोग उंदरांवरचा आहे, हेही ध्यानात असू द्या.

प्रतिसाद (मृगजळ):
औषधवहनाबद्दल सांगतो. स्वयंरचना, म्हणजे रेणूंनी आपसूक एकत्र येऊन रचना बनवणे, दुर्बळ बंधांवर उभी असते आणि ती ठरावीक संहतीच्या वरच टिकते. शिरेतून टोचलेले द्रावण रक्तात मिसळले की संहती एकदम घसरते, शिवाय अल्ब्युमिनसारखी प्रथिने मेदाम्लाच्या शेपट्या पकडून रेणू एकेक करून काढून नेतात. परीक्षानळीत दिमाखदार दिसणारी रचना त्यामुळे कर्करोगाच्या गाठीपर्यंत पोहोचण्याआधीच विस्कटू शकते.

म्हणूनच मला लॅनरिओटाइड या औषधाचे उदाहरण अधिक बोलके वाटते. आठ अमिनो आम्लांचे हे वलयी पेप्टाइड पाण्यात सुमारे २४ नॅनोमीटर व्यासाच्या नळ्या बनवते. त्याची घट्ट जेल त्वचेखाली खोलवर टोचली की तिथून औषध हळूहळू सुटत राहते आणि अ‍ॅक्रोमेगालीच्या (वाढीचे संप्रेरक जास्त स्रवण्याच्या विकाराच्या) रुग्णाला साधारण चार आठवड्यांनी एक इंजेक्शन पुरते. येथे वाहक वेगळा नाहीच, औषध स्वतःच रचना करते. कर्करोगावरील कॅम्प्टोथेसिन थेट पेप्टाइडला जोडून हाँगगांग त्सुई यांच्या गटाने २०१३ मध्ये हाच विचार पुढे नेला. रेणूत औषधाचे किती अंश जोडायचे ते ठरवून त्यांनी औषधाचे प्रमाण २३ ते ३८ टक्क्यांपर्यंत नेमके ठेवले. असे नेमके प्रमाण वाहकाच्या पोकळीत औषध कोंबून सहसा साधत नाही.

प्रतिसाद (पारा):
एक पुरवणी. स्टुप यांच्याच गटाने २०१६ मध्ये दाखवले, की एकच पेप्टाइड अँफिफाइल वेगवेगळ्या प्रकारे तयार केले तर कधी लांब तंतू मिळतात, तर कधी अर्धस्थिर आखूड तंतू. लांब तंतूंवर पेशी चिकटून जगल्या, तर आखूड तंतूंच्या संपर्कात मेल्या. सूत्र तेच, पण क्षार किती होते आणि नमुना आधी तापवला होता का, यावर निकाल फिरतो. म्हणून मार्गदर्शक निवडताना तिथे संश्लेषणाबरोबर क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शन आणि लघुकोनी क्ष-किरण प्रकीर्णन ही रचनेचा आकार तपासणारी तंत्रे हाताशी आहेत का, हे आधी विचारा. स्वतः स्टुप यांचीही पदवी रसायनशास्त्राची, पण १९७७ ची डॉक्टरेट द्रव्यविज्ञान व अभियांत्रिकीची (मटेरियल्स सायन्स अँड इंजिनिअरिंग) आहे.

प्रश्नकर्ता (रेणुवेध):
दोघांचे आभार. मग पहिल्या वर्षी नवे रेणू घडवण्यापेक्षा एकाच रेणूच्या वेगवेगळ्या रचना रक्तद्रवात किती काळ टिकतात, हे मोजण्याचा प्रस्ताव मांडावा, असे आता वाटते.

प्रतिसाद (मृगजळ):
जरूर मांडा, मात्र मोजणी रक्तद्रवाच्या संपूर्ण मिश्रणात करा. नुसत्या अल्ब्युमिनच्या द्रावणावरून काढलेले टिकाऊपणाचे आकडे बहुधा आशादायक निघतात.